खाडाखोड नसलेली वही

४ फेब्रुवारी

ति. आत्यास,

नमस्कार आहे, पण तो रागाचा आहे असं समज.

रुग्णालयाने तुझं यकृत नाकारलं हे मला बाबांच्या तोंडून कळावं? तेही फोनवर, माझ्या खोलीतल्या गळक्या नळाची चौकशी करून झाल्यावर. "तुझ्या आत्याचं काही जमत नाही म्हणतात. चरबी निघाली म्हणे. बरं, नळ दुरुस्त करून घे." एवढंच. मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून राहिले.

जुन्या काविळीने बाबांचं यकृत पोखरलंय, आता जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा लावल्याशिवाय गत्यंतर नाही, हे आपल्याला सगळ्यांनी सांगून झालंय. त्यांच्या रक्तगटाची माणसं घरात दोनच, तू आणि मी. "पोरीच्या अंगाला सुरी लावू देणार नाही, त्यापेक्षा मी जातो," असं त्यांनी डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलं. म्हणजे उरलीस तू. आणि तुझ्या यकृतात बत्तीस टक्के चरबी. दहाच्या आत लागते.

डॉक्टर काय म्हणाले? "वजन कमी करून या." बस्स! वाक्य संपलं, पुढचा रुग्ण आत. याचाच मला सर्वांत जास्त संताप आला. मी गेली तीन वर्षं प्रयोगशाळेत काय करते? उंदीर पळवते आणि त्यांची यकृतं मोजते. यकृतातली चरबी व्यायामाने उतरते, वजनाचा काटा हलला नाही तरी उतरते. पण मला विचारतंय कोण?

सोबतच्या कागदावर सगळं लिहिलंय. आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास झपाझप चालायचं, इतकं की बोलता येईल पण गाता येणार नाही. तीन दिवस खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, जमेल तितक्या वेळा. पोटभर जेवायचं. अंडी, दूध, डाळी, भाज्या. साखर बंद, बिस्किटं बंद. रविवारी कमरेचं आणि मांडीचं माप टेपने घ्यायचं. आणि सगळं वहीत लिहायचं.

वहीचा नियम तूच शिकवलेला आहेस. माझी छाती अशक्त म्हणून दहाव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे शिवणकारखान्यातलं तुझं कापणीचं टेबल. "चूक खोडायची नाही. एका रेघेने कापायची, खालचं वाचता आलं पाहिजे. खोडणारा दोनदा चुकतो." तसंच लिही.

आणि एक. मीही तपासणी करून घेणार आहे. निदान माहीत तरी असू दे.

तुझी,
टाचणी


११ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

आशीर्वाद शेवटी देईन, पत्र संपेपर्यंत राग उतरला तर.

मी तुला कळवलं नाही कारण तू अशीच टोचत येणार हे मला ठाऊक होतं. तुझं नाव मी उगाच नाही ठेवलं. "बत्तीस टक्के" असं त्या डॉक्टराने जाहीर सांगितलं, शेजारी चार अनोळखी माणसं बसलेली. मी जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली. माझं माप कोणी असं मोठ्याने वाचलं नव्हतं.

तपासणीचं नाव काढायचं नाही. दादाने घातलेली आण माझीही आहे. तू आलीस त्या टेबलावर, तर तो ऑपरेशनआधीच प्राण सोडेल, इतका हट्टी आहे तुझा बाप. मला लेखी वचन पाठव.

आणि यातलं फोनवर काही बोलायचं नाही. घर दोन खोल्यांचं, भिंत म्हणजे नुसतं पुठ्ठ्याचं अस्तर. दादाला वाटतंय मी प्रयत्न सोडला. वाटू दे. उद्या नाहीच जमलं तर त्याला दुसऱ्यांदा निराश करायची हिंमत माझ्यात नाही.

तुझा कागद वाचला. उंदरांवर बेतलेलं झबलं मला कितपत बसेल देव जाणे. तरी सुरू केलंय. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या गणवेशांच्या गठ्ठ्यांभोवती चालते. बटणं लावणारी म्हणाली, "बाई, गठ्ठे पळून जाणार आहेत का, पहारा देताय ते?" काजं करणारी म्हणाली, "नाही गं, बाईंना नवरा बघायचाय." एक्कावन्नाव्या वर्षी! मी म्हटलं, बघितला असता, पण तुमच्या जावयासारखा निघाला तर? तेव्हा कामाला लागल्या.

खुर्चीवरून पहिल्या दिवशी नऊ वेळा उठले. दहाव्यांदा बसले ती बसलेच. वहीत "दहा" लिहिलं होतं, एका रेघेने कापून "नऊ" केलंय. झालं समाधान?

वचन पाठव.

आत्या


२० फेब्रुवारी

ति. आत्यास,

वचन देते.

तुझं नऊ वाचून मला रडू आलं, आणि ते कापलेलं दहा वाचून हसू. हीच वही हवी.

आता उंदरांबद्दल, कारण तू त्यांची टिंगल केलीस. तळघरातल्या खोलीत आमचे दोन गट असतात. दोघांना खाणं एकच, भरपूर तुपट आणि गोड. एक गट बसून असतो. दुसरा रोज तासभर फिरत्या पट्ट्यावर धावतो. आठ आठवड्यांनी दोघांची वजनं जवळजवळ सारखी. पण बसणाऱ्यांचं यकृत पिवळट, फुगलेलं, बोटाला ओशट लागणारं. धावणाऱ्यांचं गडद आणि घट्ट. मी स्वतः तराजूत ठेवते, त्यामुळे ऐकीव गोष्ट सांगत नाही.

असं का होतं, ते तुझ्या कारखान्याच्या भाषेत सांगते. कापड रोज येतंय आणि मशिनं बंद आहेत. कापड कुठे जाईल? गोदामात. मग वाटेत, मग जिन्यावर. तुझे स्नायू म्हणजे मशिनं, रक्तातली साखर म्हणजे कापड आणि यकृत म्हणजे गोदाम. मशिनं बंद राहिली की यकृत जास्तीच्या साखरेची चरबी करून स्वतःतच कोंबत राहतं. मशिनं चालू केली की ती कापड ओढतात, आणि गंमत म्हणजे काम थांबल्यावरही दीडेक दिवस ओढत राहतात. म्हणून मध्ये फार खंड नको. महिनाभर चालवलीस की मशिनं दणकट होतात, आणखी ओढतात. गोदाम मोकळं होतं, आपला जुना साठाही जाळू लागतं. यात कुठेही वजनकाटा आला का? नाही ना. मग त्यावर उभी राहू नको.

आणि उपाशी राहायचं नाही. हे ठळक वाच. कापड यायचंच बंद झालं तर शरीर मशिनं मोडून खातं. शिवाय अंगभरची चरबी सुटून आधी धावते ती यकृताकडेच. बाबांना तुझ्या यकृताचा तुकडा हवाय आणि उरलेला तुझ्या पोटात पुन्हा वाढायला हवाय. मोडक्या अंगात तो कशाच्या जोरावर वाढेल?

तुझी,
टाचणी


५ मार्च

टाचणी,

आज लांब लिहायला हात चालत नाही.

चार आठवडे होत आले. काटा टाचणीच्या डोक्याइतकाही हलला नाही. हो, उभी राहिले काट्यावर, रोज राहते. काल दादाच्या पोटातलं पाणी काढायला नेलं होतं. पाच लिटर निघालं. तिथली परिचारिका मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "काही फरक दिसत नाही हो." तिथेच तिला उभी उसवावी असं वाटलं.

दादाच्या डोळ्यांचा पिवळेपणा मानेपर्यंत उतरलाय. काल माझ्या नावाने हाक मारायची तर आमच्या आईच्या नावाने मारली. आणि तू मला गोदामाच्या गोष्टी सांगतेस. उंदरांना आठ आठवडे असतात. तुझे उंदीर तुला लखलाभ.

आत्या


१२ मार्च

ति. आत्यास,

माझ्यावर चिडायचं तेवढं चीड. पण थांबू नको आणि घाई करू नको, या दोन गोष्टी एकदम मागते. परिचारिकेला तुझं यकृत बाहेरून दिसतं का? खुर्चीवरून आता किती वेळा उठतेस, ते तू लिहिलंच नाहीस. तेच तर मला हवं होतं.

बाबांनी हाक चुकवली हे वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तराजूचा आकडा तीनतीनदा वाचते. वहीची पानं पाठव. तेवढाच मला आधार.

टाचणी


३० मार्च

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

घे, वहीची पानं पाठवलीत. बघ तुझी आत्या! सहा किलो उतरले. कंबर अडीच इंच आत. खुर्चीवरून चौतीस वेळा. जेवण तू सांगितलंस तस्सं. परकर दोन्ही बाजूंनी आत घ्यावे लागले, कारखान्यात सगळ्या बघत राहिल्या. बटणंवाली म्हणाली, "बाई, गठ्ठ्यांना गुण आला." परिचारिकेनेही तोंडात बोट घातलं.

टेप खोटं बोलत नाही, हे मी तुला लहानपणीच शिकवलं होतं. १६ एप्रिलला पुन्हा तपासणीला बोलावलंय. आता काळजी करू नको, नळ दुरुस्त करून घे.

आत्या


६ एप्रिल

आत्या,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

तुझ्या वहीत एकही खाडाखोड नाही.

बारा पानं. एकच शाई, एकच दाब, एका बैठकीत उतरवलेली. चालणं रोज पाऊण तास. खुर्ची पंधरा, सतरा, एकोणीस, एकवीस, जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तशी. एकाही दिवशी गुडघा दुखला नाही? एकदाही मोजताना चुकली नाहीस? माझे उंदीरसुद्धा मधूनच पट्ट्यावर बसतात, रुसतात. खरं शरीर असं सरळ रेषेत वागत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे एकाने वजनं न घेताच रकाने भरले होते. मी पकडलं, कारण त्याचं पानही असंच गोरंपान होतं.

पण दोन मापं खोटी करायला तू विसरलीस. विसरलीस की तुला खोटी लिहिताच आली नाहीत? मांडी. डावी पावणेदोन इंचांनी उतरलीय, उजवी दीड. कंबर गेली म्हणून तू नाचतेस, कारण कापड कमी लागलं की शिंपिणीला वाटतं माणूस बारीक झालं. पण बारीक काय झालं, ते टेप सांगत नाही! मांडीत सर्वांत मोठी मशिनं असतात आत्या. ती गेली. तू उपाशी राहते आहेस. आणि ज्या मांड्या उतरल्या त्यांनी तू चौतीस वेळा उठतेस, हे मी मानू?

मापात पाप. तेही माझ्या बापाच्या जिवाशी.

मी सात वर्षांची असताना तू मला अर्धा दिवस उभं ठेवलं होतंस, कारण मी नऊचा आकडा रबराने खोडून सहा केला होता. मी आज तुला उभी करते आहे. खरी वही पाठव.

टाचणी


१४ एप्रिल

टाचणी,

खरी वही पाठवली आहे. चिंध्यांच्या पोत्यात लपवली होती, त्यातून काढली, म्हणून तिला दोरे चिकटलेत.

हो, उपाशी राहिले. ५ मार्चपासून. सकाळी चहा, दुपारी एक अंडं, संध्याकाळी पाणी. काटा दुसऱ्याच दिवशी हलला आणि मला वाटलं, डॉक्टरचं खरं, माझ्या शहाण्या भाचीचं खोटं. चालणं बंद पडलं, कारण पाय चालेनात. खुर्ची सोळावर आली होती, पुढे अकरावर. चौतीस मी आपली मनाने शिवली. तुला बरं वाटावं म्हणून. नाही, खोटं कशाला, मला बरं वाटावं म्हणून.

तुझं पत्र पोचलं त्याच दिवशी कापणीच्या टेबलावर मला घेरी आली. हातातली विजेची कात्री चालूच राहिली. चाळीस सदऱ्यांच्या पाठी एका फटक्यात तिरक्या कापल्या गेल्या. तीस वर्षांत माझी कात्री कधी रेघ सोडून गेली नव्हती. दवाखान्यात रक्त तपासलं. यकृत चिडलंय म्हणाले, अंगातलं प्रथिन तळाला गेलंय. तपासणी यंत्रानेही केली. चरबी सत्तावीस. एवढं मरमर करून बत्तीसचे सत्तावीस!

आता तू उभी राहा.

काल रुग्णालयाचा लिफाफा आला. वर तुझं नाव, पत्ता इथला. आत तुझा तपासणीचा अहवाल, तारीख २७ फेब्रुवारी. तुझं सगळं जुळतं. चरबी तीन टक्के. "दाता म्हणून योग्य."

२० फेब्रुवारीला तू मला वचन दिलंस. सातव्या दिवशी मोडलंस. तिथे बाई माझ्या खाडाखोडी मोजत बसली होती! चोराच्या उलट्या बोंबा यालाच म्हणतात. दादाने हा कागद बघितला असता तर? लिफाफ्याचा डिंक एका कोपऱ्याला ओला लागला, मी आधी त्याच्या खाटेकडे धावले. पण तो झोपून होता.

आपण दोघी एकाच कापडाच्या निघालो. मला लाज वाटते, आणि तुझा इतका राग येतोय की पत्राचा कागद दोनदा फाटला.

आत्या


१८ एप्रिल

ति. आत्यास,

उभी आहे.

"वचन देते" हे मी लिहिलं तेव्हाच तपासणीची वेळ ठरलेली होती. माझ्या पत्रातलं ते वाक्य काढ, एका रेघेने काप, खालचं वाचता येईल असं. वर लिही: भित्री होती, म्हणून खोटं लिहिलं. पत्ता घरचा दिला, कारण तिथला माणूस म्हणाला "कायमचा पत्ता", आणि मला दुसरा कुठला कायमचा पत्ता सुचेना.

पण तुझी माफी मागून मी गप्प बसणार नाही. तुझी खरी वही मी रात्रंदिवस उशाशी घेऊन बसले आहे. सोळा कापून चौदा, चौदा कापून अकरा. ११ एप्रिलच्या पुढे नुसती एक रेघ. आत्या, मी याआधी कधी एखाद्या वहीवर इतकी चिडले नव्हते. आणि इतका विश्वासही ठेवला नव्हता.

आता व्यवहाराचं. शल्यविशारद डॉक्टरांशी मी बोलले, तुझ्या नावाने भांडलेच म्हण. त्यांनी सहा आठवडे दिले. बाबा तेवढे निघतील, पाणी काढत राहू म्हणाले. सहा आठवडे तू खायचंस. आधी पहिले दहा दिवस नुसतं नीट खा आणि सावकाश चाल. मग खुर्ची. तपासणी झाली की अख्खी वही टपालात टाकायची. वजनकाटा शेजारणीकडे देऊन टाक.

१ जूनच्या तपासणीत दहाच्या वर आकडा आला, तर टेबलावर मी जाणार. तेव्हा बाबांना ते तू सांगायचंस. शब्द दे. मी दिला तसला नको, खरा दे.

टाचणी


४ जून

चि. टाचणीस,

शब्द पाळायची वेळ आली नाही.

आठ टक्के.

मी त्या यंत्रवालीला पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती चिडली, मीही चिडले, मग ती पाणी घेऊन आली. वजन विचारशील? फेब्रुवारीपेक्षा दीड किलो कमी, बाकी होतं तिथे. परकर पुन्हा उसवून सैल केले. मांडी डावीउजवी दोन्ही फेब्रुवारीपेक्षा पाव इंच जास्त. तो "वजन कमी करून या" म्हणणारा डॉक्टर कागद बघत म्हणाला, "छान, वजन चांगलं उतरवलंत." मी म्हटलं, "डॉक्टर, जरा चष्मा पुसा. वजन तिथेच आहे. गोदाम रिकामं झालंय." त्याला कळलं नाही. मला समजावत बसायचीही इच्छा नव्हती. इतकी वर्षं बायांना नुसतं वजन सांगून परत पाठवतोय हा माणूस. ते आठवून घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

ऑपरेशन १९ तारखेला. दादाला काल सांगितलं. मला वाटलं होतं चकित होईल. तो म्हणाला, "बरं. आज खुर्ची झाली का?"

सहा आठवड्यांची वही याच्यात आहे. सतरा ठिकाणी खाडाखोड, मोजून घे. कालचा आकडा वहीत चढवायचा राहिला, तो इथेच लिहिते: खुर्चीवरून बत्तीस वेळा.

तू १७ लाच ये. अजून तुझ्यावर चिडलेली आहे, ते समोरासमोर व्हायला हवं.

आशीर्वाद.

आत्या

ता. क.

मी बाबा. हिने पत्र टेबलावर ठेवलं आणि डिंक आणायला गेली, तेवढ्यात लिहितो. अक्षर हलतंय, लावून घे.

भिंत पुठ्ठ्याची आहे हे हिलाच माहीत, मला नाही, असं हिला वाटतं. चार महिने मी इथे पडून खुर्चीचा आवाज मोजतोय. दुसरा उद्योग काय होता मला? हिची पत्रंही मी अशीच चोरून वाचत आलोय; मार्चमध्ये चौतीस कधीच नव्हते, आवाज अकरावर आला तेव्हा माझंही जेवण उतरेना. विचारणार कसं? ही मला फसवत होती आणि मी हिला फसू देत होतो. तुझा लिफाफाही मीच आधी फोडला होता. दोघींचाही राग आहे. तो राग काढल्याशिवाय मी कुठे जाणार नाही, हे डॉक्टरांना सांग.

वर हिने बत्तीस लिहिलंय, ते मी एका रेघेने कापलंय. खालचं वाचता येतं. एकतीस. शेवटची अर्धीच होती.